पक्के घर कशाला म्हणावे? दगड, माती आणि पाणी यांचा अभ्यासपाठ



पाड्यावर बालवाडीची खोली किंवा वसतिगृह बांधायचे ठरले की आपल्या सर्वांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘पक्के’. कुडाची भिंत कच्ची आणि दगडाची भिंत पक्की, असा आपला सरळ हिशेब असतो. हा हिशेब दर वेळी बरोबर ठरत नाही. भिंतीच्या पोटात काय आहे आणि जोत्याखाली कोणती माती आहे, यावर घराचा पक्केपणा ठरतो. बांधकामासाठी देणगी देणाऱ्यांना आणि त्यावर देखरेख करणाऱ्यांना एवढे तरी ठाऊक असावे, म्हणून हा पाठ.

१. दगड दाब सोसतो, ओढ सोसत नाही

महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट आहे. चांगला, न कुजलेला काळा दगड एका चौरस सेंटिमीटरवर हजार किलोंहून अधिक दाब सोसतो. पण तोच दगड ताणला किंवा वाकवला, तर त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासच्या बळानेही तुटतो. म्हणून पायात, खांबात आणि कमानीत दगड शतकानुशतके टिकतो. मात्र रुंद दारावर आडवी टाकलेली दगडी तुळई खालच्या अंगाने तडकते.

कोकणातला जांभा याहून बराच मऊ. खाणीतून चिरा काढताना तो सहज कापता येतो आणि हवेत राहून कठीण होतो. भारतीय मानकानुसार त्याने चौरस सेंटिमीटरला निदान ३५ किलो दाब सोसला पाहिजे. एकमजली घराला हे पुरते. मात्र जांभा पाणी पितो आणि ओला झाला की त्याचे बळ घटते. म्हणून चिऱ्याची भिंत जमिनीच्या ओलीपासून आणि पागोळ्यांपासून राखावी लागते.

एक दगड मजबूत म्हणून भिंतही मजबूत, असे मात्र नाही.

२. किल्लारीने शिकवलेले

३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनानंतरची पहाट. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच घराखाली गाडली गेली. भूकंपाचे माप सहाच्या थोडे वर होते. एवढे बळी गेले त्याला घरांची बांधणी मोठ्या प्रमाणात कारणीभूत होती.

ती घरे दगडाचीच होती. भिंती दोन-तीन फूट जाड, वर मातीचे जड माळवद. भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक असे दगडांचे दोन पदर, आणि मधल्या पोकळीत माती व बारीक दगड. दोन्ही पदरांना एकत्र बांधणारे काहीच नव्हते. जमीन हलली तसा मधला भराव खाली बसत पाचरीसारखा दाबू लागला, पदर एकमेकांपासून सुटले आणि माळवद खाली आले. काळा दगड फुटला नाही, भिंत फुटली.

यावरचा उपाय महागडा नाही. भिंतीच्या पूर्ण जाडीचे, आरपार जाणारे लांब दगड बसवायचे. उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि आडव्या अंतरात जास्तीत जास्त १.२ मीटरला एक, असे मानक सांगते. लांब दगड मिळाला नाही तर तिथे सळई घालून काँक्रीट भरता येते. त्याखेरीज जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छताखाली काँक्रीटचे आडवे पट्टे चारही भिंतींवर अखंड फिरवायचे. दगडाला न सोसणारी ओढ या पट्ट्यांतले लोखंड सोसते.

पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांना नोव्हेंबर २०१८ पासून लहान-लहान धक्के वारंवार बसत आले आहेत. तिथे बांधकाम करणाऱ्यांनी हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा.

३. काळी माती : फुगणारी आणि आक्रसणारी

खडकावर बांधलेल्या घराचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. लूकच्या शुभवर्तमानात तो बांधणारा आधी खोल खणतो, हे मात्र आपण विसरतो. आपल्याकडच्या काळ्या मातीत हे खणणेच सर्वांत महत्त्वाचे.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते, उन्हाळ्यात पाणी गेले की आक्रसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. फुगताना ही माती वरच्या बांधकामाला उचलते. जड इमारत हा रेटा काही प्रमाणात दाबून धरते. एकमजली बालवाडी हलकी असते, तिला माती उचलते आणि सोडते. शिवाय घराखालची मधली माती ओलसर राहते आणि कडेची सुकते, म्हणून उन्हाळ्यात कोपरे खचतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली की समजावे, दोष गिलाव्यात नाही, जमिनीत आहे. अशा भेगेत सिमेंट भरून रंग दिला तरी पुढच्या वर्षी ती परत येते.

माती फुगणारी आहे का, हे एका सोप्या चाचणीने कळते. कोरडी माती कुटून बारीक चाळावी. मापाच्या दोन काचनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम घालावी. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल भरून ढवळावे आणि २४ तास ठेवावे. रॉकेलात माती फुगत नाही. समजा रॉकेलात ती १२ मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात २१ वर, तर फुगवटा ९ भागिले १२, म्हणजे ७५ टक्के. ५० टक्क्यांहून अधिक आला तर अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय पाया आखू नये.

उपाय तीन आहेत. काळ्या मातीचा थर पातळ असेल, तर तो पूर्ण काढून घट्ट मुरमावर किंवा खडकावर पाया घ्यावा. थर जाड असेल, तर पायाखालची काळी माती काढून न फुगणारा, थोडा चिकट मुरूम भरावा. पाणी मारत, थराथराने धुमसून. असा सुमारे एक मीटरचा थर खालच्या मातीचा फुगवटा आवरतो, हे मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कट्टी यांनी संशोधनातून दाखवले. थर फारच खोल असेल, तर तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेले काँक्रीटचे खुंट साडेतीन मीटर किंवा अधिक खोल घेतात, कारण ऋतूंनुसार होणारा ओलाव्याचा बदल साधारण तेवढ्या खोलीपर्यंतच पोचतो.

आणि कोणताही पाया असो, घराभोवती उताराची फरसबंदी करून छताचे पाणी पायापासून दूर न्यावे.

४. उतारावरची माती

उतारावर माती स्वतःच्या कणांच्या घर्षणाने टिकून असते. सतत पावसाने कणांमधल्या जागा पाण्याने भरल्या की वजन वाढते आणि घर्षण घटते. खाली खडक आणि वर सैल मातीचा थर असेल, तर तो थर एकदम घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावात दीडशेहून अधिक माणसे दरडीखाली गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दोन्ही वस्त्या आदिवासींच्या.

पावसात उतारावर नव्या भेगा दिसणे, झाडे किंवा खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नवा झरा फुटणे, ही लक्षणे दिसली तर त्याच घटकेला वस्ती हलवावी. अशा जागी कोणतीही भिंत पक्की नसते.

५. कुडाच्या घराबद्दल

कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप आणि लाकडी मेढी. हे घर हलके असते, धक्का बसला तर लवते आणि माती थोडी फुगली तरी सांभाळून घेते. वाळवी, आग आणि ओल हे त्याचे शत्रू. उंच दगडी जोते आणि रुंद वळचण दिली तर ओलीपासून त्याचा बराच बचाव होतो. ते पाडून वर जड छप्पर असलेली, न बांधलेल्या दगडांची भिंत उभी करणे म्हणजे कुटुंबाला अधिक धोक्यात ठेवणे होय.

मंडळीच्या सभेत चर्चेसाठी

• बांधकामाच्या अंदाजपत्रकात माती-तपासणी आणि पाया यांसाठी वेगळी रक्कम आहे का?
• खड्डा खणल्यावर तळाशी काय लागले, हे कोणी पाहिले आणि लिहून ठेवले?
• दगडी भिंतीत आरपार दगड आणि आडवे पट्टे आहेत का? गिलावा करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे घेतली का?
• छताचे पाणी कुठे जाते?
• पाड्यावरच्या जाणत्या माणसांना जागेविषयी विचारले का? पाणी कुठे साचते आणि डोंगर कुठून सुटतो, हे त्यांना ठाऊक असते.

उद्घाटनाच्या दिवशी पाया कोणाला दिसत नाही आणि त्यावर देणगीदाराच्या नावाची पाटीही लागत नाही. तरीही निधी अपुरा पडला, तर रंग, फरशी आणि कमान पुढच्या वर्षावर ढकला. पाया आणि पट्टे यांत काटकसर करू नका, कारण त्या छताखाली मुले झोपणार आहेत.