‘बंद पडणे’ आणि ‘शट डाउन’ : क्रियापदात दडलेला कर्ता

इंग्रजीत क्रियापदाला ‘अप’, ‘डाउन’, ‘आउट’ यांसारखे लहानसे अव्यय जोडून निराळा अर्थ साधतात, हे तुम्ही पाहिले आहे. मराठीत ते काम बहुधा दुसरे क्रियापदच करते. याचा एक नमुना आपण भिवंडीच्या यंत्रमागांवर तपासू. तुमच्यापैकी जे पाळी संपवून ही पुस्तिका उघडत असतील, त्यांना उदाहरणे शोधण्यास दूर जावे लागणार नाही.

प्रथम ‘शट डाउन’ घेऊ. ‘शट’ म्हणजे मुळात अडसर सरकवून दार बंद करणे. हे क्रियापद ‘शूट’, म्हणजे वेगाने फेकणे, याच्याच कुळातील आहे. त्याच कुळातील दुसरा शब्द ‘शटल’. त्याचा जुना अर्थ बाण वा फेकण्याचे शस्त्र असा होता; पुढे ताण्याच्या धाग्यांतून इकडून तिकडे फेकला जाणारा धोटा, असा झाला. म्हणजे माग चालविणारा धोटा आणि माग थांबविणारे ‘शट’ हे शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. दुकानाचे ‘शटर’ही त्याच घरचे. ‘डाउन’चा मूळ अर्थ ‘टेकडीवरून खाली’ असा. खिडकी किंवा झाकण खाली ओढून लावणे, यावरून कारखान्याचे काम थांबविणे हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. आपले ‘पडणे’सुद्धा (संस्कृत ‘पत्’ धातूपासून) खालीच नेते, हे येथे लक्षात घ्यावे.

मात्र ‘शट डाउन’ अकर्मकही चालते आणि सकर्मकही. कारखाना स्वतः ‘शट डाउन’ होतो आणि मालकही तो ‘शट डाउन’ करतो. मराठीत लिहिणाऱ्याला निवड करावीच लागते. पुढील वाक्ये पाहा : माग बंद पडले. माग बंद ठेवले. माग बंद केले. माग बंद पाडले.

‘बंद’ हा फारसीतून आलेला शब्द चारही ठिकाणी तोच आहे. बदलते ते क्रियापद. ‘पडले’मध्ये कोणीच काही केलेले नाही, वीज गेली असेल, सूत संपले असेल. ‘ठेवले’मध्ये मालकाची इच्छा आहे आणि पुन्हा सुरू होण्याची शक्यताही आहे. ‘केले’मध्ये कर्ता आहे, पण मुदत नाही. ‘पाडले’ हे ‘पडणे’चे प्रयोजक रूप, ‘मरणे–मारणे’ याप्रमाणे; येथे चालविणाऱ्याच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्या कोणीतरी काम थांबविले आहे. काटेकोर व्याख्येनुसार ही संयुक्त क्रियापदे नव्हेत, कारण पहिले पद धातुसाधित नाही. परीक्षेत हा फरक लिहावा. अर्थाच्या दृष्टीने मात्र ती त्यांच्या शेजारीच बसतात.

आठवड्याची मजुरी कोणाकडे मागावयाची, हे या एका क्रियापदावर ठरू शकते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कापडाचे बरेच काम भिवंडीसारख्या यंत्रमाग केंद्रांकडे वळले. पुढे अनेक गिरण्या ‘बंद पडल्या’, असे आपण सहज लिहितो. गिरणगावातील माणूस ‘बंद केल्या’ म्हणेल, मालक ‘बंद पाडल्या’ म्हणेल. तिन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत, म्हणूनच वाचकाने सावध असावे.

आणखी एक गुंतागुंत आहे. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये संप आणि टाळेबंदी यांच्या व्याख्या स्वतंत्र होत्या. संप कामगारांचा, टाळेबंदी मालकाची. ही टाळेबंदी म्हणजे इंग्रजी ‘लॉक आउट’. त्यात कामगार दाराबाहेर राहतो. मार्च २०२० मध्ये ‘लॉक डाउन’लाही वृत्तपत्रांनी टाळेबंदी हाच शब्द वापरला. त्यात माणूस दाराआड राहतो आणि टाळे शासनाचे असते. इंग्रजीतील ‘आउट’ आणि ‘डाउन’ यांनी जपलेला भेद मराठीत पुसला गेला. त्या दिवसांत भिवंडीहून मुंबई–नाशिक महामार्गाने गावाकडे पायी निघालेल्या मजुराने ‘टाळेबंदीमुळे मजुरी बुडाली’ असे म्हटले, तर टाळे कोणाचे, हे वेगळे विचारावे लागते. माझ्या मते येथे ‘लॉकडाउन’ हाच शब्द ठेवणे अधिक बरे झाले असते.

स्वयं-अध्ययन : आपल्या भागातील बंद झालेल्या एखाद्या कारखान्याविषयीची बातमी मिळवा. तिच्यातील ‘बंद’पुढची क्रियापदे अधोरेखित करा. कर्ता कोठे सांगितला आहे आणि कोठे गाळला आहे, ते दहा ओळींत लिहा. नंतर तीच बातमी तेथे काम केलेल्या एखाद्या व्यक्तीच्या बाजूने पुन्हा लिहून पाहा.