लिनक्सवरील कंटेनर : एका वाड्यांतील अनेक बिऱ्हाडें

अनोळखी प्रोग्राम चालवून पाहावा, अशी इच्छा जिज्ञासु विद्यार्थ्यास होणें स्वाभाविक आहे. परंतु बहुतेक घरांत संगणक एकच असतो, व त्यांत वडिलांचे हिशेब, भावंडांचा अभ्यास आणि कुटुंबाचीं छायाचित्रें असतात. प्रयोग फसला तर हें सर्व गमावण्याचें भय. अशा वेळीं लिनक्स या कार्यप्रणालींतील ‘कंटेनर’ नांवाची सोय उपयोगी पडते. ती कशी सिद्ध करावी व तिजवर कितपत विसंबावें, हें येथें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

संगणकांत दुसरा संगणक निर्माण करण्याची एक रीत म्हणजे ‘आभासी यंत्र’. तींत प्रत्येक यंत्रास स्वतःची संपूर्ण कार्यप्रणाली असते. हें प्रत्येक कुटुंबासाठीं निराळें घर बांधण्यासारखें आहे. भिंती जाड, पण खर्च फार. कंटेनर म्हणजे वाड्यांतील बिऱ्हाड. दार, चूल व कुलूप ज्याचें त्याचें. पाया मात्र सर्वांचा एकच. लिनक्समध्यें हा पाया म्हणजे ‘कर्नेल’, अर्थात् स्मृति, डिस्क व प्रोग्राम यांचें नियमन करणारा कार्यप्रणालीचा गाभा. तो सामायिक असल्यामुळें कंटेनर थोड्या स्मृतींत भागवितो व त्वरित सुरू होतो. परंतु ज्यांत त्याचा हलकेपणा आहे, त्यांतच त्याचा धोकाही आहे. पायास भगदाड पडलें, तर तें सर्वच बिऱ्हाडांस भोंवतें.

ही युक्ति एका दिवसांत सिद्ध झाली नाहीं. १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तींत ‘सीएचरूट’ आलें. त्याच्या योगें प्रोग्रामला फाइलींचा ठराविक भागच दिसे. लिनक्समध्यें २००२ पासून ‘नेमस्पेस’ येऊं लागल्या. प्रोग्रामनें काय पाहावें, हें त्या ठरवितात. २००८ सालीं ‘सीग्रूप’ आले. प्रोग्रामनें स्मृति व प्रोसेसरचा वेळ किती वापरावा, हें ते ठरवितात. या दोहोंची सांगड घालणारें ‘एलएक्ससी’ हें साधन त्याच वर्षीं निघालें. पुढें २०१३ सालीं कर्नेलच्या ३.८ या आवृत्तींत ‘यूजर नेमस्पेस’ पूर्णत्वास आली. सुरक्षिततेच्या दृष्टीनें आम्ही हिलाच सर्वांत अधिक महत्त्व देतों.

त्याचें कारण असें. लिनक्समध्यें प्रत्येक वापरकर्त्यास एक अंक असतो. शून्य हा ‘रूट’चा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा अंक होय. कंटेनरांतही रूट लागतोच. यूजर नेमस्पेसमुळें आंतील ० हा बाहेर १००००० होतो, आंतील १ हा १००००१ होतो, आणि याप्रमाणें एकंदर ६५५३६ अंकांची वांटणी होते. आंत जो राजा, तो बाहेर रयतेपैकीं एक. भिंत फोडून तो बाहेर पडला, तरी वाड्याच्या किल्ल्या त्याच्या हातीं नसतात.

डेबियन किंवा उबुंटूच्या अलीकडील आवृत्तींत असा कंटेनर उभारण्याचा क्रम पुढीलप्रमाणें आहे :

१. सर्वाधिकाऱ्याच्या परवानगीनें ‘एलएक्ससी’ व ‘यूआयडीमॅप’ हीं दोन पॅकेजें बसवावीं.

२. ‘ईटीसी’ डिरेक्टरींतील ‘सबयूआयडी’ व ‘सबजीआयडी’ या फाइली पाहाव्या. त्यांत आपल्या नांवापुढें बहुधा १००००० व ६५५३६ हे आंकडे असतात. निराळे असल्यास पुढें सर्वत्र तेच वापरावे.

३. ‘ईटीसी’मधील ‘एलएक्ससी’ डिरेक्टरींत ‘एलएक्ससी-यूजरनेट’ नांवाच्या फाइलींत, आपणांस जाळ्याच्या किती जोडण्या घेतां येतील, हें लिहावें.

४. आपल्या स्वतःच्या एलएक्ससी मांडणीच्या फाइलींत वरील अंकांची वांटणी दोन ओळींत लिहावी. एक वापरकर्त्यांची, दुसरी गटांची. स्मृतीची मर्यादाही येथेंच घालावी, म्हणजे एक बिऱ्हाड साऱ्या वाड्याचें पाणी उपसणार नाहीं.

५. १००००० या अंकास आपल्या होम डिरेक्टरींतून केवळ पलीकडे जाण्याची मुभा द्यावी. ही पायरी गाळली, तर कंटेनर सुरू होत नाहीं.

६. ‘एलएक्ससी-क्रिएट’ या आज्ञेनें तयार नमुना उतरवून घ्यावा, व ‘एलएक्ससी-अनप्रिव्ह-स्टार्ट’ या आज्ञेनें कंटेनर सुरू करावा.

काम येथें संपत नाहीं. परीक्षा घेतल्यावांचून विश्वास ठेवूं नये. कंटेनरांत शिरून ‘आयडी’ ही आज्ञा द्यावी. उत्तर ० येईल. मग बाहेर येऊन ‘पीएस’नें त्याच प्रोग्रामांचे मालक पाहावे, रूटच्या प्रोग्रामांपुढें १००००० दिसला पाहिजे. बाहेरही रूटच दिसला, तर मांडणी चुकली असें समजून कंटेनर तत्काळ बंद करावा.

ही सावधगिरी व्यर्थ नव्हे. २०१९ च्या फेब्रुवारींत, कंटेनर चालविणाऱ्या ‘रनसी’ या बहुप्रचलित साधनांत एक दोष उघड झाला. त्याच्या योगें आंतील दुष्ट प्रोग्राम बाहेरील खुद्द रनसीची फाइलच बदलून संपूर्ण यंत्राचा धनी होऊं शके. जेथें यूजर नेमस्पेस नीट योजिली होती, म्हणजे आंतील रूट बाहेरही रूट नव्हता, तेथें हा हल्ला अडत असे.

तथापि यूजर नेमस्पेस कर्नेलमधील दोष बुजवीत नाहीं. म्हणून कर्नेलच्या सुधारणा वेळच्या वेळीं घ्याव्या, घरच्या फाइलींची दुसरी प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी, आणि जो प्रोग्राम उघड उघड घातकी आहे, त्यासाठीं आभासी यंत्राचाच खर्च सोसावा. पालकांनीं मुलांचे प्रयोग बंद करूं नयेत. बाहेरील अंक कोणता आला, एवढें मात्र त्यांना अवश्य विचारावें.