कमी दिवसांचे बाळ

"सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही." हे बोलणे आपण सगळ्यांनीच ऐकले आहे. उल्हासनगरच्या कॅम्पात, अंबरनाथच्या चाळीत, बदलापूरच्या गावठाणात म्हाताऱ्या बाया अजून असे म्हणतात. बाळ आठव्या महिन्यात आले की घर गप्प होते. कुणी आईला हळूच म्हणते, "फार जीव लावू नकोस गं."

आम्ही साफ सांगतो, हे बोलणे खोटे आहे. बाळ पोटात जितके दिवस जास्त राहील तितके ते पक्के होते. आठव्या महिन्याचे बाळ सातव्यापेक्षा जास्त तयार असते, जास्त जगते. आणि सातव्याचे बाळसुद्धा आज वाचू शकते. मात्र ते आपोआप वाचत नाही. त्याच्यासाठी आईला काम करावे लागते, आणि आईसाठी घरातल्या सगळ्यांना. ते काम कोणते, ते या पाठात पाहू.

बाळाचे पुरे दिवस म्हणजे सुमारे ४० आठवडे. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत जन्मले, तर ते कमी दिवसांचे बाळ. अडीच किलोच्या आत वजन भरले, तर ते कमी वजनाचे. काही बाळे दिवस भरूनही हलकी असतात. पुढे सांगितलेली काळजी दोघांच्याही उपयोगी पडते.

अशा बाळाला पहिला शत्रू कोणता? थंडी. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कसली थंडी! पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात अंगाची लाही होते. खरे आहे. पण बाळाची गोष्ट वेगळी. शेवटच्या महिन्यांत पोटात असताना बाळाच्या कातडीखाली चरबी साठते. ती चरबी म्हणजे त्याची गोधडी. आधीच जन्मलेल्या बाळाला ती गोधडी मिळालेलीच नसते. कातडी पातळ असते. वजनाच्या मानाने अंग पसरट, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. ओला लंगोट तसाच राहिला किंवा पंख्याचा वारा सरळ अंगावर आला, तरी बाळ गार पडते. गार पडले की त्याची सगळी ताकद ऊब राखण्यात खर्च होते. मग दूध ओढायला ताकद उरत नाही. दूध नाही म्हणून आणखी गार, आणि गार म्हणून आणखी दूध नाही. या फेऱ्यात कितीतरी बाळे गेली आहेत.

हा फेरा तोडायचा सोपा उपाय आपल्या घरातच आहे. तो म्हणजे आईची छाती.

कांगारू नावाचा प्राणी तुम्ही चित्रात पाहिला असेल. तो ऑस्ट्रेलियात असतो. त्याचे पिल्लू जन्मते तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढे असते. ते सरपटत आईच्या पोटावरच्या पिशवीत शिरते, तिथेच दूध पिते आणि तिथेच वाढते. यावरून बाळाला छातीशी बांधून ठेवण्याच्या पद्धतीला 'कांगारू काळजी' म्हणतात. ती सुरू झाली १९७८ साली, दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात. तिथल्या सरकारी दवाखान्यात काचेच्या पेट्या कमी होत्या. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत. एकाचा रोग दुसऱ्याला लागे. तेव्हा डॉक्टर एडगार रे सनाब्रिया यांनी बाळे आयांच्या छातीशी दिली. आईचे दूध पाजायला सांगितले. पेटी नव्हती म्हणून निघालेली ही युक्ती. पण पुढे असे दिसले की पेटी असली तरी ही युक्ती हवीच.

हे नुसते बोलणे नाही. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या दवाखान्यांत याचा अभ्यास झाला. आपल्या देशातला दवाखाना दिल्लीचा सफदरजंग. एक किलोपासून पावणेदोन किलोच्या जरा वरपर्यंतची बाळे घेतली. काही बाळे जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिली. काहींना आधी पेटीत ठेवून, प्रकृती ठीक झाल्यावर छातीशी दिले. महिनाभरात दुसऱ्या गटातली शंभरात जवळजवळ १६ बाळे गेली, पहिल्या गटातली १२. फरक इतका उघड दिसला की अभ्यास मध्येच थांबवला. दुसऱ्या गटाला मुद्दाम थांबवून ठेवणे बरोबर वाटेना. हे निकाल २०२१ साली छापून आले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की कमी दिवसांच्या बाळाला जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी द्यावे, आणि दिवसाचे ८ ते २४ तास, जमेल तितके जास्त, तिथेच ठेवावे.

याचा अर्थ पेटी वाईट, असा कुणी घेऊ नका. ज्या बाळाला श्वास नीट घेता येत नाही, त्याला प्राणवायू लागतो, यंत्र लागते. डॉक्टर ठेवा म्हणाले तर ठेवावे. पण रोज विचारावे, "डॉक्टर, बाळाला छातीशी कधी घेऊ?" विचारायला लाजू नये.

आता बाळ कसे घ्यायचे ते पाहा. आईने पुढून उघडणारा गाऊन किंवा ब्लाउज घालावा. हात साबणाने धुवावेत, बांगड्या-अंगठ्या काढाव्यात. बाळाच्या अंगात फक्त टोपडे, पायमोजे आणि लंगोट. बाकी उघडे. बाळाला दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे, छातीला छाती लागेल असे. पाय बेडकासारखे दुमडलेले, हातही वर दुमडलेले. मान एका कुशीला वळलेली आणि किंचित वर. मान पुढे पडली की श्वास कोंडतो, म्हणून नाक-तोंड सदा दिसले पाहिजे. मग मऊ सुती ओढणीने किंवा जुन्या साडीच्या पट्ट्याने बाळाला आईशी बांधावे. गाठ घट्ट हवी, पण बाळाचे पोट श्वासाबरोबर हलायला जागा हवी. वरून गाऊन, थंडी असेल तर शाल. एकदा घेतले की निदान तासभर तरी काढू नये. सारखे काढघाल केले तर बाळाला त्रास होतो. झोपताना पाठीशी उशा लावून अर्धवट टेकून झोपावे, आडवे सपाट झोपू नये.

आईच्या कातडीला एक शहाणपण असते. बाळ गार असले तर तिची छाती जास्त तापते, बाळ तापले तर ती निवते. कुठल्या शेगडीला हे जमते? शेगडीचे नाव निघाले म्हणून सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून बाळंतिणीला शेक देणे फार धोक्याचे आहे. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, आणि लहान फुफ्फुसाला तो आधी मारतो.

बाळ गार आहे का, हे कसे ओळखायचे? हाताच्या उलट्या बाजूने त्याचे पोट आणि तळपाय पाहावेत. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी घेऊन तसेच दवाखान्यात निघा.

इथपर्यंत सगळ्यांना पटते. अडते ते पुढे. दवाखान्यात नर्सबाई असतात. घरी आल्यावर काय होते ते आम्ही चाळीचाळींत पाहिले आहे. सासूबाई म्हणतात, "अगं, पोर अंगावर बांधून दिवसभर बसलीस, तर न्हाणं कधी? मालीश कधी?"

"आई, वजन वाढेपर्यंत न्हाऊ घालू नका म्हणून सांगितलंय. नुसतं पुसून घ्यायचं."

"आणि पाणी कोण भरणार? नळ पाच वाजता येतो."

खरा प्रश्न हा आहे. आपल्या भागात पाण्याच्या वेळेवर घराचे घड्याळ चालते. सकाळी पाणी, मग डबा, मग मोठ्या मुलाची शाळा, मग कपडे. कुणाकडे दुपारी जीन्स शिवायचे काम असते. ही सगळी कामे बाळंतिणीवर पडली, तर बाळ पाळण्यात जाईल आणि गार पडेल. आम्ही कितीही पाठ लिहिले तरी मग उपयोग नाही. म्हणून आमचे म्हणणे असे, की कमी दिवसांचे बाळ घरी आले त्या दिवशीच घरच्यांनी बसून कामे वाटून घ्यावीत. पाणी कोण भरणार, स्वयंपाक कोण करणार, हे नावानिशी ठरवावे. आई बाळ वागवते हेच तिचे काम. ती बसून राहिलेली नाही.

आणि आई एकटीच कशाला? सासूबाईंच्या छातीलाही तितकीच ऊब आहे. आई जेवते, अंघोळ करते, तासभर पडते, तेव्हा आजीने बाळ घ्यावे. बापाने घ्यावे. आमच्याकडे सोयर पाळतात, दहा दिवस बापाने शिवायचे नाही म्हणतात. ज्यांना सोयर पाळायची त्यांनी देवघरात पाळावी, पण बापाला बाळापासून तोडू नये. कामावरून लोकलच्या गर्दीतून आलेल्या बापाने आधी अंघोळ करावी, धुतलेले कपडे घालावेत, आणि मग शर्ट उघडून बाळाला घ्यावे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती आधी सोडावी. ज्याला ताप, खोकला किंवा अंगावर खरूज-पुरळ आहे त्याने बाळ घेऊ नये. हे रोजचे काम बाळ अडीच किलोचे होईपर्यंत चालते. मग बाळच चुळबुळ करते, बाहेर यायला बघते. तेव्हा समजावे, आता त्याला गरज नाही.

आता दुधाचे पाहू. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन गोष्टी एकाच वेळी करणे सोपे नाही. बाळाला ते साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास जमू लागते. त्याआधीच्या बाळाला दवाखान्यात नळीने दूध देतात, नंतर वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. आपल्या आज्यांचे बोंडले इथे कामाला येते! फक्त ते रोज वीस मिनिटे पाण्यात उकळलेले हवे. बाटली मात्र नको. बाटलीच्या रबरी बोंडात जंतू राहतात, आणि बाळ अंगावर प्यायचे विसरते.

दूध मात्र आईचेच. पहिले पिवळसर चिकट दूध पिळून टाकण्याची चाल अजून काही घरांत आहे. चीक टाकणे म्हणजे बाळाचे पहिले औषध मोरीत ओतणे. ते चमचाभरच येते, आणि बाळाला तेवढेच पुरते. मराठी घरातली बाळगुटी, शेजारच्या सिंधी घरातली घुट्टी, कुणाचा मध, कुणाचे गुळाचे पाणी, यांतले काहीही देऊ नये.

बाळ ओढत नसले तरी दूध काढत राहावे, नाहीतर दूध आटते. बाळंत झाल्यावर होईल तितक्या लवकर सुरुवात करावी, आणि दिवसरात्रीत निदान आठ वेळा काढावे. रात्रीसुद्धा. अंगठा वर, बोटे खाली, काळ्या भागाच्या कडेवर ठेवावीत. आधी छातीकडे दाबावे, मग बोटे एकमेकांकडे. बोंड ओढू नये, दुखते आणि दूधही येत नाही. उकळलेल्या स्टीलच्या वाटीत काढून झाकून ठेवले, तर चार तास चांगले राहते. बाळ छातीशी असले की दूध लवकर उतरते, हे आयाच सांगतात. छातीशी असतानाच त्याला स्तनाचा वास लागतो. ते चाटते, हुंगते. एक दिवस ओढू लागते.

आईला दूधच येत नसले, किंवा ती फार आजारी असली तर? आपल्याच मध्य रेल्वेच्या मार्गावर शीव स्टेशन आहे. तिथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉक्टर आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. दूध जास्त असणाऱ्या आया तिथे दूध देतात. ते तपासून, तापवून, निर्जंतुक करून ज्या बाळांना आईचे दूध मिळत नाही त्यांना पाजतात. आपल्या बाळाला असे दूध मिळेल का, हे डॉक्टरांनाच विचारावे. शेजारणीने परस्पर पाजू नये.

आपल्याकडे उल्हासनगरला कॅम्प नंबर ३ मध्ये मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय. बाळ फार लहान असले तर पुढे ठाणे-कळव्याला किंवा मुंबईला पाठवतात. बदलापूरहून शीव पन्नास किलोमीटरहून जास्त आहे. एवढ्या वाटेत बाळ गार पडते. श्वास ठीक असलेल्या बाळाला डॉक्टरांना विचारून छातीशी बांधूनच न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ लावावा. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीचे आणि वर्षाच्या आतल्या बाळाचे उपचार मोफत असतात.

घरी आल्यावर आशाताई येतात. घरी जाऊन नवजात बाळ पाहण्याची ही रीत गडचिरोलीची आहे. डॉक्टर अभय बंग आणि राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत खेड्यातल्याच बायांना हे शिकवले. जिथे हे काम नव्हते त्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मरण ६२ टक्क्यांनी घटले. हे १९९९ साली जगापुढे आले. तेव्हा आशाताईला दारातून परत पाठवू नका. तिच्याकडून बाळाचे वजन करून घ्या. पहिल्या आठवड्यात वजन थोडे उतरते, त्याला घाबरू नये. दोन आठवड्यांत ते भरून यावे. पुढे दीड किलोच्या बाळाचे वजन रोज २०-३० ग्रॅम वाढावे.

बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, श्वास मिनिटाला साठाच्या वर चालला, मध्येच थांबला, छाती आत ओढली गेली, ओठ निळे पडले, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे झाले, यांतले एकही दिसले तर रात्र जाऊ देऊ नका.

आणखी एक काम बहुतेक घरांत राहून जाते. दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचे डोळे एक महिन्याच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागतात. फारच लहान बाळाचे तर त्याच्याही आधी. अशा बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या शिरा वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून काही दिसत नाही. वेळेत उपचार झाले तर नजर वाचते. दवाखान्यातून निघताना ही तारीख विचारून घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. बाळाच्या कानांच्या तपासणीची तारीख मिळाली तर तीही तिथेच लिहा.