राऊटरशिवाय दोन लॅपटॉप थेट जोडा

विद्यापीठाच्या वसतिगृहात लाईट गेली, राऊटर बंद पडला आणि वेरूळच्या लेण्यांचे फोटो मैत्रिणीच्या लॅपटॉपवर आत्ताच न्यायचेत? चला, दोन्ही लॅपटॉप शेजारी मांडा. दोन्हींत विंडोज ११ हवं. शिवाय फोन आणि त्याची डेटा केबल जवळ घ्या. फोटो असलेला लॅपटॉप तो पहिला.

१. फोन केबलने पहिल्या लॅपटॉपला जोडा. नुसती चार्जिंगची केबल चालणार नाही.

२. फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. इंटरनेट नसेल तर विंडोज हॉटस्पॉट चालू होऊ देत नाही.

३. पहिल्या लॅपटॉपचं वाय-फाय चालू करा.

४. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मोबाइल हॉटस्पॉट असं जा.

५. ‘एडिट’ दाबून नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड किमान ८ अक्षरी हवा.

६. तिथेच बँड २.४ गिगाहर्ट्झ ठेवा. जुन्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही.

७. पॉवर सेव्हिंग बंद करा, नाहीतर कुणी जोडलेलं नसताना हॉटस्पॉट आपोआप बंद होतो.

८. हॉटस्पॉट चालू करा.

९. दुसऱ्या लॅपटॉपच्या वाय-फाय यादीतून तेच नाव निवडून पासवर्ड टाका.

१०. त्याच नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा. नाहीतर अपडेट तुमच्या फोनचा डेटा खातील.

११. पहिल्यावर ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधून ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज उघडा.

१२. प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्हीकडे ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. एक राहिलं तर दार कदाचित उघडणार नाही.

१३. फोटोंच्या फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर असं दाबत जा. यादीत तुमचं नाव असलं की पुरे.

१४. दुसऱ्यावर फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत \\१९२.१६८.१३७.१ टाकून एंटर दाबा. आकडे इंग्रजीच टाका!

१५. विचारेल तेव्हा पहिल्या लॅपटॉपच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड द्या. पिन चालत नाही. खात्याला पासवर्डच नसेल तर आधी लावून घ्या.

१६. फोल्डर कॉपी करून दुसऱ्या लॅपटॉपवर पेस्ट करा. समोर दिसलं नाही तर ‘युजर्स’मधून आत जा.

१७. दोन-चार फोटो उघडून बघा. तोवर मूळ फोल्डर पुसू नका.

१८. हॉटस्पॉट बंद करा.

१९. बाराव्या पायरीतलं शेअरिंगही बंद करा. पब्लिककडचं तर नक्कीच, नाहीतर बाहेरच्या वाय-फायवर तुमचे फोल्डर इतरांना दिसू शकतात.

झालं! लाईट येण्याची वाट न बघता फोटो पोचले.