हरणाची उकरण व जमिनीचा लहान तुकडा
(अमेरिकेतील एक रीत आणि तिजपासून घ्यावयाचा धडा)

शेताची हद्द मोजणीने ठरते. परंतु रानचे जनावर ती हद्द मानीत नाही, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. आपल्याकडे ही गोष्ट बहुधा पिकाच्या नुकसानीतून कळते. अमेरिकेतील लहान जमीनदारापुढे हाच प्रश्न उलट बाजूने उभा असतो. तेथे ठरावीक हंगामात, परवाना घेऊन, आपल्या जमिनीत हरणाची शिकार करण्यास कायद्याने मुभा आहे. आणि ज्याची जमीन पाच-दहा एकरच आहे, त्यास मोठ्या नराने आपल्या तुकड्यावरून, तेही दिवसाउजेडी, जावे अशी इच्छा असते. त्यासाठी तिकडील लोक जी युक्ती करितात तिचे वर्णन येथे करावयाचे आहे. युक्ती शिकारीची असली तरी तिच्या मुळाशी असलेले ज्ञान जनावराच्या स्वभावाचे आहे, व ते पिकाची राखण करणारासही उपयोगी पडण्यासारखे आहे, म्हणून ती वाचकांपुढे ठेवीत आहो.

हरणाची ओळख

ज्या हरणाविषयी हा लेख आहे ते पांढऱ्या शेपटीचे हरीण होय. आपल्या सांबर-चितळांप्रमाणे त्याच्या नराची शिंगे दरवर्षी झडतात व नवी येतात. काळविटाची शिंगे झडत नाहीत, हा भेद लक्षात ठेवावा. बेसुमार शिकारीमुळे १९०० च्या सुमारास ही हरणे त्या देशात अवघी काही लाख उरली होती. पुढे शिकारीस हंगाम व परवान्याची बंधने घातली गेली, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या रक्षणास लावून दिले. आज ही संख्या सुमारे तीन कोटी सांगतात. मका व सोयाबीनची पिके त्यांच्या तोंडी पडतात, रस्त्यांवर मोटारींचे अपघात होतात. यास्तव हंगामी शिकार हा तेथे संख्या आटोक्यात ठेवण्याचाही मार्ग समजला जातो.

जमीन मालकाची असली तरी तिजवरील हरीण त्याचे नव्हे. ते सर्व जनतेचे, व राज्य त्याचे विश्वस्त, असे तिकडील कायद्याचे तत्त्व आहे. शिवाय पूर्ण वाढीचा नर साधारण एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर, इतक्या रानात फिरतो, व माजाच्या दिवसांत त्याहूनही दूर जातो. पाच एकरांचा धनी त्या फिरस्तीच्या केवळ १२८ व्या हिश्शाचा मालक ठरतो. चारा पेरून एवढ्या तुकड्यात नर बांधून ठेवता येणार नाही, हे उघड आहे. तेव्हा त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर त्यास क्षणभर थांबविणे एवढेच काय ते हाती राहते.

उकरण म्हणजे काय

उत्तरेकडील राज्यांत या हरणांच्या माजाचा भर नोव्हेंबरात असतो. दिवस लहान होऊ लागले की नराच्या अंगी माज चढू लागतो, आणि ऑक्टोबरात तो जागोजाग खुणा करीत फिरतो. रानाच्या कडेस किंवा पायवाटेवर, जमिनीपासून सुमारे चार ते पाच फूट उंचीवर लोंबणारी एखादी फांदी तो निवडतो. ती तोंडात धरून चघळतो, तिजवर कपाळ व डोळ्यांजवळील ग्रंथी घासतो. नंतर फांदीखालचा पाला पुढील खुरांनी उकरून दोन-तीन फूट रुंदीची माती उघडी करितो. मागील पायांच्या सांध्यांच्या आतील बाजूस केसांचे झुबके असलेल्या ग्रंथी असतात. ते सांधे एकमेकांवर घासून त्यांवरून मूत्र त्या मातीत सोडतो. या उघड्या मातीस तिकडे 'स्क्रेप' म्हणतात. आपण तीस 'उकरण' म्हणू.

पुष्कळांची समजूत अशी होती की, उकरण म्हणजे त्या नराने रानावर सांगितलेला हक्क, व दुसऱ्यास 'येथे येऊ नको' अशी ताकीद. परंतु जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी आपोआप चालणारे कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा एकाच उकरणीवर अनेक निरनिराळे नर येऊन जातात असे दिसून आले. माद्याही येतात. प्रत्येक जण वास घेतो, आपला वास ठेवितो व निघून जातो. आमचे दिवस महसुली दप्तरात गेल्यामुळे आम्हांस त्यातील उपमा सुचते: उकरण हा सातबारा नव्हे, ती चावडी होय. सातबाऱ्यावर नाव ज्याचे त्याचे. चावडीवर सर्व गाव येते. कोण आले, कोण गेले, कोण वयात आले, हे सर्व त्या मातीत व फांदीत हरणास वासाने कळते. म्हणूनच माणसाने एक नवी चावडी मांडिली तरी ती वापरात येते.

कृत्रिम उकरणीची रीत

१. जागा. हरीण जेथून आधीच जाते तीच वाट निवडावी. रानाची कड, दोन वाटांचा संगम, अथवा चाऱ्याच्या तुकड्यात शिरण्याचे तोंड या जागा उत्तम. असे तुकडे पाव एकरापासून एकरापर्यंत असून त्यांत क्लोव्हर नावाचा घास, ओट किंवा सलगमाच्या जातीचा पाला उन्हाळ्याच्या अखेरीस पेरतात. ज्या बाजूस हरणाचा पायरवच नाही, तेथे केलेली उकरण फुकट जाते.

२. फांदी. सर्वांत महत्त्वाचे अंग हेच. माती उकरण्याचे काम मुख्यतः माजाच्या सुमारास होते. फांदीचा उपयोग हरणे वर्षभर करितात. योग्य उंचीची फांदी नसेल तर दुसरीकडची आणून तारेने घट्ट बांधावी. तुकड्याच्या मध्यभागी झाड नसेल तर एक खांब पुरून त्यास आडवी फांदी जोडितात. मोकळ्या जागेत तेवढा एकच खांब नरांच्या नजरेत भरतो.

३. माती. फांदीच्या बरोबर खाली पाला काठीने बाजूस सारून दोन-तीन फुटांचे वर्तुळ स्वच्छ करावे. हातांत रबरी मोजे व पायांत रबरी बूट असावेत, कारण माणसाचा वास ही हरणास पहिली सूचना होय.

४. वारा. नर पुष्कळदा उकरणीवर थेट न जाता वाऱ्याच्या खालच्या अंगाने जाऊन दुरूनच वास घेतो. यास्तव शिकाऱ्याची माचण अशी असावी की, वारा नराकडून माणसाकडे वाहील. तिरकमठ्याने शिकार करणारे उकरण माचणीपासून सुमारे वीस यार्डांवर ठेवितात, जेणेकरून नर थांबेल तेथेच नेम नीट साधेल व जनावर जखमी होऊन पळणार नाही.

या रीतीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. उकरणीवरील बहुतेक भेटी रात्रीच्या असतात, व शिकार दिवसाच करावयाची असते. म्हणून दाट झाडीलगतची, नराच्या विश्रांतीच्या जागेजवळची उकरण उघड्या शेतातील उकरणीपेक्षा अधिक फळ देते. तसेच माजाचा भर आला म्हणजे नर मादीच्या पाठीस लागतो व उकरणीकडे फिरकत नाही. तिचा खरा उपयोग त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांचा आहे. कित्येक जण तर तेथे केवळ कॅमेरा लावून, आपल्या भागात किती व कोणत्या वयाचे नर आहेत, याची मोजदाद करितात.

मूत्र व रोग

बाजारात हरणाचे मूत्र बाटल्यांत भरून विकले जाते व ते उकरणीत ओतण्याची चाल आहे. यात मोठा धोका आहे. १९६७ साली कोलोरॅडो राज्यात कोंडून ठेविलेल्या हरणांत झिजून मरण्याचा एक रोग प्रथम आढळला. तो मेंदूस जडतो, त्यावर औषध नाही, आणि त्याचे मूळ असलेला सदोष प्रथिनकण लाळ, मूत्र व विष्ठा यांतून बाहेर पडून मातीत वर्षानुवर्षे टिकतो. ह्याच भयाने व्हर्जिनिया राज्याने २०१५ पासून शिकारीसाठी हरणाचे खरे मूत्र वापरण्यास बंदी केली. अन्य काही राज्यांनीही तसेच केले. चार नर जेथे तोंड लावितात तेथे रोग नेऊन ओतणे म्हणजे सर्वांच्या पाणवठ्यात विष कालविण्यासारखे होय. फांदी चांगली असली म्हणजे मूत्राची गरज पडत नाही. पहिला नर येऊन ते काम स्वतःच करितो.

आपण काय घ्यावे

आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी आहे. तेव्हा ही युक्ती येथे कोणी करू पाहील तर तो गुन्ह्याच्या वाटेस लागेल, हे स्पष्ट सांगतो. परंतु खुणा वाचण्यास बंदी नाही. आपले चितळ व सांबरही उंच फांद्यांस वास लावितात. चितळाचा नर त्यासाठी मागील दोन पायांवर उभा राहतो. काळवीट नर आपल्या जागेत एकाच ठिकाणी लेंड्यांचा ढीग करितो व दुसऱ्या नरास तेथून हुसकून लावतो. त्याचा ढीग मात्र चावडी नसून सातबाराच म्हणावा लागेल. रोहीही लेंड्या पुन्हा पुन्हा ठरल्या जागी टाकतो. यावरून, एका जनावराचा नियम दुसऱ्यास सरसकट लावू नये, हेही ध्यानात येईल.

ज्याच्या पिकास उपद्रव आहे त्याने पेरणीपूर्वीच बांधाबांधाने फिरून असे ढीग, घासलेल्या फांद्या व शिरण्याच्या वाटा पाहून ठेवाव्यात. सर्व शेतास सारखी राखण ठेवणे परवडत नाही. जनावर जेथून शिरते तेथे माळा घातला, तेथेच कुंपण बळकट केले, तर थोड्या खर्चात काम होते. खुणा दिसल्याची तारीख व जागा वहीत लिहावी. नुकसान झालेच तर भरपाईची तरतूद आहे. परंतु वन खात्याकडे तक्रार तत्काळ लेखी करावी, व पंचनाम्याच्या वेळी पायखुणा, लेंड्या व खाल्लेले ताट जागेवर दाखवावेत. चार दिवसांनी पाऊस पडला वा नांगर फिरला म्हणजे पुरावा गेला, आणि पुराव्यावाचून कोणत्याही दप्तरात नोंद होत नाही.