ऑस्ट्रेलियांतील शेतकरी : त्याचे कष्ट व त्याचें क्षेम

भूगोलाच्या पुस्तकांत ऑस्ट्रेलिया खंडाची ओळख आपणांस बहुधा दोन-चार ओळींतच होते. तेथें मेंढ्या पुष्कळ, लोंकर पुष्कळ, गहूं पुष्कळ. मध्यभागीं वाळवंट आणि किनाऱ्यालगत मोठीं शहरें. परीक्षेपुरतें एवढें ज्ञान पुरेसें असेल. परंतु ती लोंकर कातरणारे हात कोणाचे, तो गहूं पेरणारा मनुष्य आपल्या घरीं कसा राहतो, पाऊस न पडला तर काय करतो, आजारी पडला तर डॉक्टर कोठून आणतो, हे प्रश्न पुस्तक विचारीत नाहीं. ते आम्ही येथें विचारणार आहोंत. आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं शेतीवरच उपजीविका चालते. आणि ज्यांच्या घरीं चालत नाहीं, त्यांच्याहि ताटांत ऑस्ट्रेलियांतला हरभरा किंवा मसूर कधीं तरी येऊन गेलेली असण्याचा संभव आहे, कारण हीं कडधान्यें त्या देशांतून आपल्याकडे येत असतात. तेव्हां हा विषय वाटतो तितका परका नाहीं.

प्रथम त्या देशाचा विस्तार ध्यानांत घेतला पाहिजे. ऑस्ट्रेलियाचें क्षेत्रफळ सुमारें ७७ लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक आहे; आणि लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास. एकट्या महाराष्ट्राचीच लोकसंख्या २०११ च्या शिरगणतींत ११ कोटींहून अधिक भरली होती. शिवाय त्या पावणेतीन कोटींतील बहुतेक लोक समुद्रकांठच्या शहरांत राहतात. उलट शेती व गुरांचीं कुरणें ह्यांनीं देशाची निम्म्याहून अधिक भूमि व्यापिली आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियांतील ॲना क्रीक नांवाचें गुरांचें एकच कुरण १५,००० चौरस किलोमीटरांहून मोठें आहे. आपलें गोवा राज्य त्यांत चार वेळां मावेल. अशा ठिकाणीं 'शेजारी' ह्या शब्दाचा अर्थच बदलतो. आपल्याकडे बांधावरून हांक मारली कीं पलीकडच्या शेतांतून ओ येते. तेथें शेजाऱ्याचें घर गांठण्यास मोटारीनें तास न् तास प्रवास करावा लागतो. हें अंतर नीट मनांत ठसलें म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो.

त्या शेतकऱ्याचा पहिला झगडा पावसाशीं आहे. १८६५ सालीं जॉर्ज गॉयडर नांवाच्या दक्षिण ऑस्ट्रेलियांतील मुख्य मोजणी-अधिकाऱ्यानें घोड्यावरून दूरवर हिंडून, कोठें कोणतीं झुडपें उगवतात हें बारकाईनें पाहून, नकाशावर एक रेषा आंखली. रेषेच्या दक्षिणेस धान्य पेरावें, उत्तरेस पेरूं नये, तेथें केवळ गुरें-मेंढरें चारावीं, असा तिचा अर्थ होता. पुढें कांहीं वर्षें पाऊस चांगला झाला. लोक म्हणूं लागले कीं, नांगर जेथें जातो तेथें पाऊसहि त्याच्या मागोमाग जातो. गॉयडरला हंसून शेंकडों कुटुंबें रेषा ओलांडून उत्तरेकडे गेलीं. त्यांनीं दगडी घरें बांधलीं, जमीन नांगरली. १८८० नंतरच्या अवर्षणानें त्यांतील अनेकांना सर्वस्व सोडून परत फिरावें लागलें. त्या दगडी घरांच्या पडक्या भिंती आजहि माळावर उभ्या आहेत. निसर्गानें घालून दिलेली मर्यादा चार सुगीच्या वर्षांनीं पुसली जात नाहीं, हा धडा त्या भिंती मुक्यानें देत असतात.

अवर्षण हें त्या देशांत वारंवार येणारें संकट होय. १८९१ सालीं ऑस्ट्रेलियांत दहा कोटींहून अधिक मेंढ्या होत्या; लागोपाठ आलेल्या दुष्काळांनंतर १९०२ च्या सुमारास त्यांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलें एक दीर्घ अवर्षण २००९ पर्यंत टिकलें. पुढें २०१७ ते २०१९ ह्या काळांत पूर्वेकडील प्रांत पुनः होरपळले. ह्याहून करुण प्रसंग २०१९ च्या फेब्रुवारींत क्वीन्सलंडच्या वायव्य भागांत घडला. तेथील पशुपालक अनेक वर्षें पावसाची वाट पाहत होते. तो आला तेव्हां थांबेचना. दुष्काळानें हाडकुळीं झालेलीं गुरें गार वारा व पूर ह्यांत सांपडलीं आणि सुमारें पांच लक्ष गुरें मेलीं. ज्या मेघाची आशा धरावी त्यानेंच गोठा रिकामा करावा, ह्याहून कठोर परीक्षा ती कोणती?

दुसरा झगडा बाजाराशीं. ऑस्ट्रेलियाच्या शेतमालाचा फार मोठा भाग परदेशीं विकला जातो. त्यामुळें दूर देशींची मागणी घटली कीं तेथील घरांत चूल मंदावते. लोंकरीचा भाव पडूं नये म्हणून एक किमान भाव ठरवून, त्याखालीं कोणी घेईनासें झाल्यास माल संस्थेनेंच विकत घ्यावा, अशी व्यवस्था तेथें होती. पुढें हा किमान भाव फार वर चढविण्यांत आला. गिऱ्हाईक आटलें आणि गोदामांत चाळीस लक्षांहून अधिक गांठी पडून राहिल्या. अखेर १९९१ च्या फेब्रुवारींत ती व्यवस्था मोडावी लागली. मेंढी पोसण्याचा खर्चहि निघेना; लक्षावधि मेंढ्या मारून पुराव्या लागल्या. ज्यानें कोंकरूं असल्यापासून ज्यांना वाढविलें, त्यानेंच त्यांच्यावर बंदूक रोखावी, हें दुःख हिशेबाच्या वहींत लिहितां येत नाहीं.

परंतु शेतावर केवळ मालकच नसतो. मजूरहि असतो, आणि त्याचा इतिहास विसरणें अन्यायाचें होईल. १८९१ सालीं क्वीन्सलंडमधील मेंढ्या कातरणाऱ्या मजुरांनीं मोठा संप केला. बार्काल्डिन गांवांतील एका झाडाखालीं त्यांच्या सभा भरत. संप मोडला, पुढारी तुरुंगांत गेले. परंतु त्या चळवळींतूनच देशांतील मजूरपक्ष उदयास आला. त्याच प्रांतांत ऊंसाच्या मळ्यांवर पॅसिफिक महासागरांतील बेटांवरून सहस्रावधि लोकांना, कित्येकांना फसवून वा बळानें, आणून राबविलें जात असे. देशाच्या मूळ रहिवाशांची कथा तर आणखी कष्टाची आहे. उत्तरेकडील कुरणांवर गुरें राखण्यांत त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. तथापि त्यांना गोऱ्या मजुरांच्या मानानें अत्यल्प वेतन मिळे, आणि पुष्कळदां पीठ, साखर व चहा ह्यांवरच बोळवण होई. १९६६ च्या ऑगस्ट महिन्यांत व्हिन्सेंट लिंगियारी ह्यांच्या नेतृत्वाखालीं गुरिंजी लोक वेव्ह हिल येथील कुरण सोडून चालूं लागले. प्रथम प्रश्न वेतनाचा होता. पुढें तो आपल्या वाडवडिलांच्या भूमीचा झाला. त्यांनीं नऊ वर्षें धीर धरिला. १९७५ सालीं पंतप्रधान गॉफ व्हिटलम ह्यांनीं स्वतः येऊन लिंगियारींच्या ओंजळींत मूठभर माती घातली व भूमि परत केल्याची ती खूण ठरली.

आजहि फळें तोडण्याचें व भाजी काढण्याचें काम बव्हंशीं परक्या देशांतून आलेले लोक करतात. कांहीं पॅसिफिक बेटांवरून हंगामापुरते येतात. कांहीं सुटीचा परवाना घेऊन आलेले तरुण असतात. शेतावर किंवा तशाच नेमून दिलेल्या कामावर ८८ दिवस भरले कीं त्यांतील बहुतेकांना दुसऱ्या वर्षाचा परवाना मिळूं शकतो. ह्या परावलंबनाचा कांहीं दुष्ट मालक व मुकादम गैरफायदा घेत आले आहेत. जितकी फळें तोडाल तितकेच पैसे, ह्या पद्धतींत दिवसभर राबूनहि पोटापुरतें मिळेल अशी शाश्वति नसे. २०२२ च्या एप्रिलपासून अशा मजुरांनाहि तासाच्या किमान वेतनाची हमी मिळाली. कायदा झाला म्हणून अन्याय संपतो असें नाहीं. परंतु गाऱ्हाणें मांडण्यास जागा मिळते.

आतां अंतराच्या प्रश्नाकडे वळूं. त्यावर उपाय शोधणाऱ्यांत जॉन फ्लिन ह्या प्रेसबिटेरियन मिशनऱ्याचें नांव अग्रभागीं आहे. १९१२ सालीं अंतर्भागांतील लोकांच्या सेवेसाठीं मिशन स्थापन झालें व त्याची धुरा फ्लिनकडे आली. हिंडतां हिंडतां त्यास असें दिसून आलें कीं, माणसें केवळ रोगानें मरत नाहींत, डॉक्टर दूर असल्यामुळें मरतात. विमान तेव्हां नवीन वस्तु होती. तीच ह्या कामीं लावावी असा त्यानें ध्यास घेतला, आणि १९२८ च्या मे महिन्यांत क्वीन्सलंडमधील क्लॉनकरी येथून डॉक्टरास घेऊन पहिलें विमान उडालें. परंतु विमानास निरोप पोंचवावा कसा? घरोघरीं वीज नव्हती. आल्फ्रेड ट्रेगर ह्या यंत्रज्ञानें पायानें फिरवावयाच्या पायट्यांवर वीज उत्पन्न करणारें बिनतारी यंत्र १९२९ च्या सुमारास सिद्ध केलें. घरची बाई खुर्चीवर बसून शिवणयंत्राप्रमाणें पाय चालवी आणि शेंकडों किलोमीटर दूरच्या डॉक्टराशीं संधान बांधी. ही उडत्या डॉक्टरांची सेवा आजहि अहोरात्र चालूं आहे.

विद्यार्थ्यांना विशेष कौतुक वाटेल अशी गोष्ट पुढेंच आहे. त्याच बिनतारी यंत्रांवरून १९५१ सालीं ॲलिस स्प्रिंग्ज येथें 'आकाशशाळा' सुरू झाली. शिक्षक एका ठिकाणीं, आणि वर्गांतील मुलें शेंकडों किलोमीटर दूर आपापल्या कुरणांवरील घरांत! हजेरी घेतली कीं दूरवरून एकेक आवाज उमटे. आतां ती शाळा उपग्रहाच्या साहाय्यानें भरते व मुलांना शिक्षकांचा चेहराहि दिसतो. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, त्या एकाकी मुलाला गणिताइतकाच आपल्या सोबत्यांच्या आवाजाचा लाभ होत असला पाहिजे. स्त्रियांनींहि स्वस्थ न बसतां १९२२ सालीं न्यू साउथ वेल्समध्यें ग्रामीण महिलांची संघटना उभारली, आणि मातांसाठीं विसाव्याच्या जागा व बालकांसाठीं आरोग्यकेंद्रें काढलीं.

येथवर शरीराच्या संकटांचा विचार झाला. मनाचें संकट ह्याहून गूढ आहे. शेती हा त्या देशांतील अतिशय धोक्याच्या धंद्यांपैकीं एक आहे. ट्रॅक्टर व चार चाकांची उघडी मोटारसायकल उलटून माणसें, क्वचित् लहान मुलेंहि, दगावतात. म्हणून २०२१ पासून अशा नव्या मोटारसायकलींना चालकाचें रक्षण करणारी चौकट असणें सक्तीचें झालें. परंतु मन उलटूं लागलें तर त्यास कोणती चौकट बसवावी? तेथील शेतकऱ्यांत आत्मघाताचें प्रमाण इतर व्यवसायांतील लोकांपेक्षां अधिक आढळलें आहे. कारणें शोधूं गेल्यास तीं समजण्यासारखीं आहेत. शेतकऱ्याचें घर व काम एकच. काम बिघडलें तर तें विसरण्यास त्यास दुसरें घर नसतें. जमीन आजोबांनीं कमावलेली. ती आपल्या हातून गेली तर आपण कुळाचा ठेवा बुडविला, असें त्यास वाटतें. आणि दुःख गिळून गप्प राहणें म्हणजेच पुरुषार्थ, अशी जुनी समजूत. विदर्भ-मराठवाड्यांतील कित्येक घरांना हें निराळें सांगावयास नको.

ह्यावरहि त्या समाजानें मार्ग शोधिले आहेत. सिडनींतील मेथॉडिस्ट धर्मोपदेशक ॲलन वॉकर ह्यांच्याशीं एक हताश मनुष्य टेलिफोनवर बोलला. तरीहि त्याचा जीव वांचला नाहीं. त्या दुःखांतून वॉकर ह्यांनीं १९६३ सालीं अशी सेवा सुरू केली कीं, कोणीहि केव्हांहि टेलिफोन करावा आणि पलीकडे ऐकणारा मनुष्य असावा. कर्जांत बुडालेल्या शेतकऱ्यास विनामूल्य सल्ला देणारे हिशेबनीस सरकारी खर्चानें नेमलेले आहेत. २००८ सालीं व्हिक्टोरिया प्रांतांतील हॅमिल्टन येथें शेतकऱ्यांच्या आरोग्यासाठीं एक राष्ट्रीय केंद्र निघालें. आणि १९९९ पासून अशी सोय आहे कीं, सुगीच्या वर्षीं उत्पन्नाचा कांहीं भाग करभरणीपूर्वीं ठेव म्हणून बाजूस ठेवावा व दुष्काळांत काढून घ्यावा. बायबलांतील योसेफानें मिसर देशांत सात सुकाळांचें धान्य सात दुष्काळांसाठीं सांठविलें, ती कथा येथें कोणास आठवणार नाहीं?

ह्या सर्व उपायांकडे एकत्र पाहिलें असतां एक गोष्ट स्पष्ट होते. विमान, पायट्यांचें यंत्र, आकाशशाळा, महिलांची संघटना, रात्रीं उचलला जाणारा टेलिफोन, हीं सर्व एकाच शत्रूशीं लढणारीं साधनें आहेत, आणि त्या शत्रूचें नांव एकटेपणा. पाऊस पाडणें कोणाच्या हातीं नाहीं; बाजारहि एका मनुष्याच्या आज्ञेंत वागत नाहीं. परंतु ज्याच्यावर संकट आलें त्यास तें एकट्यानें वाहूं न देणें हें मात्र मनुष्याच्या हातचें आहे.

आमच्या पालकबंधूंस व भगिनींस एक विनंति आहे. घरांतील कर्ज, नापिकी किंवा मनाची उदासी लाजेनें झांकून ठेवूं नये. विश्वासाच्या मनुष्याशीं बोलावें आणि गरज पडल्यास डॉक्टरचा सल्ला घ्यावा. विद्यार्थ्यांनींहि ध्यानांत ठेवावें कीं, एकटेपणाला शेंकडों किलोमीटरांची गरज नसते. तो एकाच बांकावर बसलेल्या दोन मुलांमध्येंहि असूं शकतो. एखादा सोबती अलीकडे गप्प असेल, शाळेंत अनियमित येत असेल, तर त्याची थट्टा न करितां त्याजवळ बसावें, विचारपूस करावी, आणि गोष्ट गंभीर वाटली तर ती शिक्षकांच्या वा वडील माणसांच्या कानीं घालावी. फ्लिनला विमान मिळण्यास सोळा वर्षें लागलीं. आपल्याला शेजारच्या बांकापर्यंतच जावयाचें आहे.