सोलापूर, मे १९३० : मुलांसाठी रहस्यकादंबरी लिहिताना

मुलांसाठी ऐतिहासिक रहस्यकथा लिहायला सोलापूरकराला विषय शोधत लांब जावे लागत नाही. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि शहर उसळले. ८ मे रोजी गोळीबार झाला, पुढचे काही दिवस इंग्रजांचा अंमल इथे उरलाच नाही, आणि मग लष्करी कायदा आला. कथेसाठी हेच दिवस घ्यावेत.

१. आधी तारखांचा तक्ता करावा. एका बाजूला घडलेले, दुसऱ्या बाजूला आपले कल्पित. याच दिवसांतल्या घटनांवरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. पहिल्या बाजूला हात लावू नये. नायिकेने त्यांना सोडवले असे दाखवणे ही मुलांची फसवणूक ठरेल.

२. रहस्य मुलीच्या आवाक्यातले निवडावे. लष्करी कायद्यात तिरंगा बाळगणेही धोक्याचे होते. मग ट्रंकेत लपवलेला झेंडा रातोरात गेला कुठे? एवढे कोडे पुरेसे आहे.

३. उकल नायिकेच्या हातातल्या कामातून व्हावी. माझ्या मते सगळी कादंबरी या एका गोष्टीवर उभी राहते. समजा, ती पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराची मुलगी आहे. शाळेतून आली की रहाटावर कांड्या भरते, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळते. गिरणीचे सूत एकसारखे असते. हातसूत कुठे जाड, कुठे बारीक. ट्रंकेच्या कडीत अडकलेला धागा ती चिमटीत फिरवते आणि तिला कळते, हा खादीचा आहे. शिपायाच्या डोळ्यांना तो नुसता दोरा. शिवाय घरी तेलुगू, शाळेत मराठी, शेजारी कानडी. मोठ्यांची कुजबुज तिला तिन्ही भाषांत समजते. तिचा हट्टीपणा वेगळा सांगावा लागत नाही. घरच्यांनी गप्प बसवूनही ती पुन्हा विचारते, एवढे दाखवावे.

४. एकच चकवा ठेवावा. चकवा म्हणजे वाचकाला चुकीच्या माणसाकडे नेणारी खूण. दोनांहून अधिक संशयित नकोत.

५. वेळ गिरणीच्या भोंग्याने सांगावी; विणकराच्या घरात घड्याळ असेलच असे नाही.

६. कच्चा खर्डा सहावी-सातवीच्या मुलांना वाचायला द्यावा. झेंडा कोणी हलवला हे ज्या पानावर ओळखू आले, तिथे त्यांना खूण करू द्यावी. बहुतेक खुणा पहिल्या निम्म्यात पडल्या, तर धाग्याचा प्रसंग आणखी उशिरा आणावा.